धूसर पाठ

विमानाच्या खिडकीतून काढलेली छायाचित्रे बहुधा निराश करतात. काचेला कपाळ टेकवून पाहताना डोंगरांचे पदर वेगवेगळे दिसलेले असतात, नदीचे वळण दिसलेले असते, शेतांचे लहानमोठे तुकडे मोजता येतील इतके स्पष्ट वाटलेले असतात. घरी येऊन तेच दृश्य संगणकाच्या पडद्यावर पाहावे, तर सर्वत्र पाणी घातलेल्या दुधासारखा एक निळसर राखी थर पसरलेला. डोंगर आहेत, पण ते असल्याची केवळ सूचना आहे. कॅमेरा महागडा असला तरी या अनुभवात फारसा फरक पडत नाही. याचे एक कारण असे, की आपली दृष्टी पाहता पाहताच संपादन करीत असते. समोरचा फिकेपणा ती थोड्याच वेळात गृहीत धरते, त्यातल्या बारीक फरकांना अधिक महत्त्व देते आणि जे जेमतेम दिसते त्याला जे ठाऊक आहे त्याची जोड देते. कॅमेऱ्याजवळ अशी पूर्वपीठिका नसते. तो जेवढा प्रकाश आला तेवढा नोंदवून मोकळा होतो.

अशी छायाचित्रे संगणकावर उजळ करण्याचा उद्योग मी गेली काही वर्षे करीत आलो आहे. उद्योग छंदाचाच, परंतु त्यात पुन्हा पुन्हा जे प्रश्न समोर येतात, ते साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. बिघडलेल्या प्रतीवरून मूळ पाठाकडे कसे जावे, कुठवर जाता येते, आणि संपादकाने हात कुठे आवरावा, हेच ते प्रश्न. पाठचिकित्सेच्या वर्गात ते काहीसे कोरडे वाटतात. एखाद्या धूसर छायाचित्रासमोर बसले की मात्र ते हाताला लागतात.

प्रथम बिघाड नेमका कसला, ते पाहू. आपण सहज म्हणतो, मध्ये धुक्याचा पडदा आला. पडद्याची कल्पना सोयीची आहे, पण ती अपुरी आहे. पडदा फक्त झाकतो. हवा दोन कामे एकाच वेळी करते. जमिनीवरून निघालेल्या प्रकाशाचा काही भाग वाटेतच इतस्ततः विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच वेळी सूर्याचा जो प्रकाश त्या जमिनीला कधी शिवलेलाच नाही, तो मधल्या हवेत विखुरून आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे मूळचे काही गळते आणि बाहेरचे काही मिसळते. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर लोप आणि प्रक्षेप ही दोन्ही विघ्ने एकाच वेळी घडतात. अंतर जसजसे वाढते तसतसा लोपही वाढतो आणि प्रक्षेपही; अखेर क्षितिजाजवळ मूळ संहिता जवळजवळ संपते आणि उरतो तो केवळ प्रक्षेप, ज्याला आपण आकाशाची कड म्हणतो. या व्यवहाराचे गणित हॅराल्ड कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ साली मांडले, आणि आजची धूसरता काढणारी बहुतेक संगणकीय साधने मुळात त्याच समीकरणावर उभी आहेत.

हा प्रक्षेप निळसर का असतो, याचे उत्तर त्याही आधीचे आहे. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवून दिले, की हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे होणारे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. सोप्या शब्दांत, ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून थोडा अधिक विखुरतो. धूळ, धूर आणि बाष्पाचे थेंब हे मात्र आकाराने मोठे असतात. ते सर्व रंगांना साधारण सारखेच विखुरतात आणि त्यामुळे पांढरट दिसतात. आपल्याकडच्या हिवाळी सकाळी विमानातून जो थर दिसतो त्यात या दोन्हींचे मिश्रण असते. वर निळी झाक, खाली भुरकट पांढरेपणा.

शिवाय खिडकी. प्रवासी विमानाच्या खिडकीत काच नसतेच. असतात ते अ‍ॅक्रिलिकचे तीन पत्रे. बाहेरचा दाब पेलतो, मधल्याला तळाशी एक बारीक छिद्र असते, आणि आतला केवळ प्रवाशांच्या हातांपासून मधल्याचे रक्षण करतो. त्या आतल्या पत्र्यावर ओरखडे असतात, मागच्या प्रवाशाच्या कपाळाचा तेलकट ठसा असतो, छिद्राभोवती कधी हिमकणांची नक्षी जमते. आकाश गडद करणारा पोलरायझर कॅमेऱ्याला लावावा, तर ताणाखाली असलेले हे प्लास्टिक इंद्रधनुष्याचे पट्टे दाखवू लागते. पंखाच्या मागे जागा मिळाली तर इंजिनाच्या उष्ण झोताने दृश्य थरथरते. प्रत उतरवणाऱ्या लेखनिकाचे दोष वेगळे आणि कागदाला लागलेली कसर वेगळी, असा भेद आपण करतो. इथेही तो करावा लागतो. ओरखडा पुसणे ही साधी डागडुजी आहे. हवेचे काय करायचे, हा संपादनाचा प्रश्न आहे.

हे सारे एका छायाचित्राच्या आधारे सांगतो. नकाशावर नागपूर ते मुंबई अशी सरळ रेषा ओढली, तर लोणारचे सरोवर तिच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर येते. मुंबईकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी आणि थोडे नशीब लाभले, तर बुलढाणा जिल्ह्याच्या त्या सपाट, काळ्या मुलखात एक वाटोळा खळगा दिसतो. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. उल्कापाताने बसाल्ट खडकात तयार झालेली ही पृथ्वीवरची अत्यंत दुर्मीळ गोष्ट. पण दहा किलोमीटर उंचीवरून, तिरक्या नजरेने, पन्नास मिलिमीटरच्या भिंगातून पाहिली तर छायाचित्राच्या रुंदीचा दहावा भागही ती व्यापत नाही. मी हे छायाचित्र जानेवारीतल्या एका सकाळी काढले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, आणि मी पाहत होतो तेही दक्षिणेलाच. म्हणजे मधली सारी हवा समोरून उजळलेली. छायाचित्रात खाली शेतांची राखी जाळी, मध्यावर एक फिकट लंबगोल, त्याच्या कडेशी गावाचा भुरका ठिपका, आणि वर क्षितिज कुठे संपते ते न कळणारा पांढरेपणा.

अशा छायाचित्राचा हिस्टोग्राम पाहण्यासारखा असतो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्यांची जी सोय असते, तिच्यातल्या मधल्या साठसत्तर पायऱ्यांवर सारे दृश्य दाटीवाटीने उभे असते. दोन्ही टोके रिकामी. गडद असे काहीच उरलेले नसते, कारण सर्वात काळ्या सावलीतही हवेचा उधार प्रकाश मिसळलेला असतो. संपादनाची पहिली कृती म्हणजे ही गर्दी दोन्ही बाजूंना पसरवणे. साध्या जेपेग फाइलीत हे केले की पायऱ्यांमध्ये फटी पडतात आणि आकाशात पट्टे उमटतात, कारण सत्तर पायऱ्यांच्या अडीचशे करता येत नाहीत. त्यांच्यातले अंतर तेवढे वाढते. चौदा बिटांच्या रॉ फाइलीत मुळात १६,३८४ पायऱ्या असतात, म्हणून ती ताण सहन करते. शक्य तितक्या जुन्या आणि शक्य तितक्या कमी हात लागलेल्या प्रतीपासून आरंभ करावा, हा नियम इथेही तसाच लागू पडतो.

मग रंगांच्या तीन वाहिन्या वेगळ्या करून पाहिल्या. निळी वाहिनी जवळजवळ कोरी. हिरवीत सरोवराची कड पुसट. तांबडीत मात्र खळग्याची दक्षिणेकडची भिंत सावलीनिशी उभी होती. रॅले यांचा नियम असा पडद्यावर वाचता येतो. तीन प्रतींपैकी एक अधिक विश्वसनीय निघावी, तसा हा प्रकार. जुन्या काळी हवाई छायाचित्रण करणारे भिंगावर पिवळा फिल्टर चढवीत आणि निळा प्रकाश आतच येऊ देत नसत. आपण मागाहून करतो ती निवड ते छायाचित्र घेतानाच करीत.

यानंतरची गोष्ट अधिक नाजूक. धूसरता सर्व चित्रभर सारखी नसते. खालच्या कडेशी दिसणारी जमीन विमानाला जवळ. तिथून येणाऱ्या प्रकाशाला हवेच्या खालच्या दाट थरातून थोडेच जावे लागते. सरोवराकडे नजर जाते ती क्षितिजाखाली जेमतेम सतरा अंशांनी. म्हणजे दोन किलोमीटर जाडीचा तोच थर तिथे तिरका कापताना जवळपास सात किलोमीटरचा होतो. त्याहून वर तो आणखी लांबतो. म्हणून एकच दुरुस्ती साऱ्या चित्राला लावणे चुकीचे; ती खालून वर वाढवत न्यावी लागते, आणि क्षितिजाच्या अलीकडे एके ठिकाणी सोडून द्यावी लागते, कारण तिथे उजळायला काही शिल्लकच नसते. त्यापलीकडे जोर लावला, तर वर येतात ते कॅमेऱ्याच्या संवेदकाचे रवाळ कण. जमीन येत नाही.

हा सारा खटाटोप हाताने करावा लागे. २००९ साली कायमिंग ही, जियान सुन आणि शियाओऊ तांग यांनी एक अतिशय सुंदर निरीक्षण मांडले. मोकळ्या हवेत काढलेल्या स्वच्छ छायाचित्राचा कोणताही लहानसा तुकडा घेतला, तर त्यात कुठेतरी एखादा बिंदू असा सापडतोच, की ज्याची निदान एक रंगवाहिनी जवळजवळ काळी असते: एखादी सावली, एखादे गडद पान, एखादे लाल कौल. धूसर छायाचित्रात हा काळेपणा उजळलेला दिसतो. तो किती उजळला आहे यावरून त्या तुकड्यापुढे किती हवा आहे, याचा अंदाज करता येतो आणि तेवढा प्रक्षेप वजा करता येतो. याच सुमारास आणि पुढे अशा अनेक पद्धती निघाल्या. अडोबीच्या लाइटरूममध्ये डीहेझ नावाचा स्लायडर २०१५ साली आला, आणि जे काम तासाभराचे होते ते बोट सरकवण्याइतके सोपे झाले.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या गृहीतकातच आहे. बर्फ, पांढरा ढग, चुन्याने रंगवलेली भिंत अशा ठिकाणी कोणतीच वाहिनी मुळात काळी नसते. तिथे पद्धत पांढऱ्या वस्तूलाच धुके समजते आणि तिला विनाकारण काळवंडून टाकते. मात्र तिची चूक चूक म्हणून ओळखता येते. तिने काही नवे आणलेले नसते. जे होते त्यातून तिने कमी किंवा जास्त वजा केलेले असते, इतकेच. संपादकाच्या अशा चुका क्षम्य असतात, कारण त्यांच्यामागचा नियम उघड असतो आणि कोणालाही मागे जाऊन त्या तपासता येतात.

अलीकडच्या काही वर्षांत आलेली साधने या जातीची नाहीत. असंख्य छायाचित्रे पाहून शिकलेल्या या प्रणाली वजाबाकी करून थांबत नाहीत. जिथे पाठ गळला आहे तिथे त्या भर घालतात, आणि भर इतकी सफाईदार असते की जोड दिसत नाही. लोणारच्या त्या छायाचित्राच्या निमित्ताने मला याचा जो प्रत्यय आला, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझ्या आत्याचे सारे संसारी आयुष्य लोणारजवळच्या एका खेड्यात गेले. यजमान गेल्यावर घर आणि शेत विकले गेले आणि ती मुलाकडे पुण्याला आली. आता तिकडे जाणे होईल असे तिला वाटत नाही, आणि आम्हालाही वाटत नाही. मी विमानातून तो मुलूख पाहिला असे कळल्यावर तिने छायाचित्र मागितले. मी ते जसे होते तसे आतेभावाकडे पाठवले. आईला नीट दिसावे या सद्हेतूने त्याने ते फोनवरच्या एका प्रणालीतून काढले. महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते छापून, चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले होते. छायाचित्र देखणे होते. आकाश निळे, शेते हिरवी, सरोवराची कड कोरून काढल्यासारखी. आत्याने ते पाहिले होते, अनेकदा पाहिले होते. मला म्हणाली, "चांगलं हाय रे, पन कोन्या गावचं हाय?"

मी माझ्या संगणकावरची मूळ प्रत तिला दाखवली. ती जवळ सरकून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्या राखी पसाऱ्यात बोट ठेवले. हे गाव. हा मेहकरकडचा रस्ता असावा. आणि सरोवराच्या उत्तरेला, मी कॅमेऱ्याचा दोष समजावा इतक्या पुसट अशा एका डागावर बोट नेऊन म्हणाली, "हे पाह्य, अंबर." अंबर तळे म्हणजे मोठ्या सरोवराच्या उत्तरेला असलेला लहानसा खोलगट भाग, काही जण त्याला छोटे लोणार म्हणतात, आणि तोही उल्केच्याच एखाद्या तुकड्याने झाला की कसा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मी भिंतीवरच्या छायाचित्रात ती जागा शोधली. तिथे एक नीटनेटके हिरवे शेत होते. गावाच्या ठिपक्याच्या जागी सरळ रांगांत बसवलेली छपरे होती. शेतांचे वेडेवाकडे बांध काटकोनात आले होते. सरोवराची भिंत एखाद्या धरणाच्या दगडी बांधकामासारखी गुळगुळीत झाली होती.

प्रणालीने जे केले त्याला पाठचिकित्सेत फार जुने नाव आहे. दोन पाठांपैकी जो कठीण तो बहुधा मूळचा, असे आपण शिकतो. कारण नक्कल करणारा लेखनिक अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. ओळखीचा काढून अनोळखी सहसा घालत नाही. पाठ हातोहात जाताना सुगम होत जातो. शिकलेली प्रणाली म्हणजे असा एक लेखनिक, ज्याने लाखो प्रती उतरवल्या आहेत आणि ज्याला दर ठिकाणी बहुसंख्येने काय आढळते ते उत्तम ठाऊक आहे. गावाशेजारी शेत असते. शेत चौकोनी असते. पाण्याच्या वाटोळ्या काठाला बांध असतो. तिने सर्वत्र सुगम पाठ स्वीकारला. लोणार हा मात्र भूगोलातला कठीण पाठ आहे, आणि अंबर तळे त्याहून कठीण. जे एकदाच घडले आहे ते बहुसंख्येच्या अनुमानाने कधीच परत मिळणार नाही. आत्याच्या दृष्टीने त्या छायाचित्रात जपण्यासारखे जे होते, ते नेमके एकदाच घडलेले होते.

इथे पुण्याचेच एक काम आठवते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ केला. १९२५ पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, आणि संपूर्ण आवृत्ती १९६६ मध्ये. बाराशेंहून अधिक हस्तलिखितांची तपासणी या कामी झाली. तिच्यातला निवडलेला पाठ, नाकारलेल्या पाठांची तळटीपांतली दाटी, परिशिष्टांत ठेवलेले लांब प्रक्षेप या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्यातली सर्वात थोर गोष्ट वाटते ती एक साधी मुद्रणखूण. संपादकांना जिथे निवडलेल्या पाठाविषयी पुरेशी खात्री नाही, तिथे त्या अक्षरांखाली त्यांनी नागमोडी रेषा ओढली आहे. वाचकाला पाठ दिला आहे, पण तो किती भरवशाचा आहे तेही त्याच ओळीत सांगितले आहे. पाने चाळताना ही रेषा मधूनमधून भेटत राहते आणि प्रत्येक वेळी संपादकांवरचा विश्वास वाढवून जाते.

मराठीला हा विवेक परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा पाठांतराने आणि नकलांनी अशुद्ध झालेल्या प्रती त्यांच्यासमोर होत्या. त्यांनी ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. मात्र त्यांच्यासमोरच्या प्रतींत काय काय होते, हे आपल्याला त्यांच्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही. पुढे वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एका प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या जुनेपणाविषयी वाद झाला. शुद्धीकरण कितीही अधिकारी व्यक्तीने केलेले असो, मागे जाण्याची वाट शिल्लक नसेल तर पुढच्यांना वादाखेरीज दुसरा मार्ग राहत नाही.

छायाचित्रात नागमोडी रेषा ओढण्याची सोय नाही, हीच अडचण आहे. छापील ओळीत खात्रीचे अक्षर आणि अंदाजाचे अक्षर यांत फरक दाखवता येतो. छायाचित्रातला अंदाजाचा पिक्सेल खात्रीच्या पिक्सेलइतक्याच ठामपणे बोलतो. भिंतीवरच्या त्या चित्रात सरोवराची कड खरी होती आणि शेजारचे शेत काल्पनिक. दोन्ही सारख्याच तेजाने चमकत होती. आत्याजवळ साठ वर्षांचा मुलूख होता म्हणून तिला ते खटकले. ज्याने लोणार पाहिलेले नाही, त्याला ते खटकण्याचे काही कारण नव्हते. तिच्यानंतर घरातल्या मुलांसाठी हेच लोणार होऊन बसले असते.

विचार करता असे वाटू लागते, की धूसरपणा हीच एका अर्थी निसर्गाने ओढलेली नागमोडी रेषा आहे. इथवरचे खात्रीने सांगतो, यापुढचे कमी खात्रीने, आणि त्याहून पुढचे मला माहीत नाही, असे ती चित्रातच सांगत असते. चित्रकारांना हे फार पूर्वीपासून उमगले होते. लिओनार्दोने आपल्या टिपणांत दूरच्या डोंगरांना निळसर आणि पुसट रंगवण्याविषयी लिहून ठेवले आहे. मोगल दरबारातल्या चित्रकारांनी युरोपीय चित्रे पाहिल्यावर आपल्या लघुचित्रांच्या वरच्या भागात फिकट होत जाणारी गावे आणि डोंगर आणले. ज्यांना हवे ते स्पष्ट रंगवण्याची पूर्ण मुभा होती, त्यांनी मुद्दाम धूसरता रंगवली, कारण तिच्यावाचून दूरचे दूर वाटत नाही. चित्रातून ती संपूर्ण काढली की डोंगर जवळ येत नाहीत. ते लहान होतात, एखाद्या प्रदर्शनातल्या मातीच्या नमुन्यासारखे. डीहेझचा स्लायडर शेवटपर्यंत ओढलेली छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटेल.

शाकुंतलाच्या सातव्या अंकात दुष्यंत इंद्राच्या रथातून, मातलीसह, पृथ्वीकडे उतरतो. उतरताना त्याला जमीन कशी दिसत जाते याचे वर्णन तिथे आहे: आधी सरमिसळ असलेल्या गोष्टी वेगळ्या होतात, झाडांना बुंधे येतात, नद्यांना पाणी येते. विमानात न बसलेल्या कवीने हे इतके अचूक कसे लिहिले, याचे कौतुक आपण वर्गात करतो. मला त्यातले आणखी एक जाणवते. त्या वर्णनात स्पष्टता येते ती उतरण्यामुळे. दृश्य स्वच्छ होत नाही. पाहणारा जवळ जातो. दुरून पाहणाऱ्याला ती स्पष्टता हवी असेल, तर तिची किंमत म्हणजे खाली उतरणे.

आणि शेवटी त्या थराचा स्वतःचा असा काही मजकूर असतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. जानेवारीत वऱ्हाडावर जी हवा साचते तिच्यात कापूस निघून गेल्यावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर असतो, तूर काढताना उडालेली धूळ असते, कच्च्या रस्त्यांचा फुफाटा असतो, चुली असतात. ती हवा खालची माणसे श्वासात घेत असतात. तिला केवळ दृश्यातला अडथळा मानून वजा केले, की त्या सकाळचाही एक भाग वजा होतो. प्रक्षेपांनाही इतिहास असतो, म्हणून तर चिकित्सक आवृत्तीने ते फेकून न देता परिशिष्टांत ठेवले.

आता अशा छायाचित्रांच्या मी तीन फाइली ठेवतो. पहिली कॅमेऱ्यातून आली तशी, हात न लावलेली. दुसरी वजाबाकीची: तांबड्या वाहिनीचा आधार घेतलेली, खालून वर वाढत जाणारी दुरुस्ती असलेली, आणि क्षितिजाच्या खाली जिथे खात्री संपते तिथे थांबलेली. तिसरी नुसत्या मजकुराची. तिच्यात तारीख, विमानाची अंदाजे उंची, दिशा, आणि काय काय केले याची नोंद. लोणारच्या नोंदीत एक ओळ अधिक आहे: सरोवराच्या उत्तरेकडील पुसट डाग अंबर तळे, आत्याने ओळखले. हा डाग दुसऱ्या फाइलीतही मी तसाच पुसट ठेवला आहे. तो याहून स्पष्ट करण्याइतका प्रकाश तिथून आलेलाच नाही.